छिद्र पडले, पण कळले कधी?

मूळव्याध हा आपल्या वस्त्यांमधला मोठा सोयीचा शब्द आहे. परसाकडेला रक्त दिसले की मूळव्याध! मग कुणीतरी झाडपाल्याचे औषध देणाऱ्याचा पत्ता देतो, आणि माणूस लाजेकाजेने वर्ष-वर्ष काढतो. आमच्या दादाने आठ महिने काढले. दादा म्हणजे माझे थोरले बंधू, वय ६१, नगरपालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त. शेवटी वहिनींनी दम भरला, तेव्हा एका ट्रस्टच्या इस्पितळात दुर्बिणीची तपासणी झाली आणि मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला तीन सेंटिमीटरची चपटी वाढ सापडली. डॉक्टर तिला पॉलिप म्हणतात.

बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. पण काहींचा अनेक वर्षांनी कर्करोग होतो, आणि कोणत्याचा होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून ते काढून टाकायचे. पॉलिप काढलेल्या लोकांत पुढे आतड्याचा कर्करोग पुष्कळ कमी होतो, हे अमेरिकेतील नॅशनल पॉलिप स्टडीने १९९३ साली दाखवून दिले. दादालाही पोट न फाडता, दुर्बिणीतूनच वाढ काढू असे सांगण्यात आले. सही झाली, आतडे साफ करणारे ते बेचव पाणी पिऊन झाले, आणि ठरल्या दिवशी दादा आत गेला.

तासाभराने डॉक्टर मॅडम बाहेर आल्या आणि उभ्या-उभ्याच म्हणाल्या, "वाढ पूर्ण निघाली. पण काढताना आतड्याला छिद्र पडले. ते तिथल्या तिथे क्लिपा लावून बंद केले आहे. दोन-तीन दिवस तोंडाने काही द्यायचे नाही."

वहिनी मटकन खालीच बसल्या. पुतण्याचा पारा चढला. "काका, आतडं फाडलं आणि वर तोंड करून सांगतात! तुम्ही जगाचे अर्ज लिहिता, आता घरचा लिहा." त्याचा राग मला समजत होता. गरिबाच्या देहावर कोणी निष्काळजीपणा केला, तर दाद मागायलाच हवी; अशा दोन प्रकरणांत मी स्वतः पाठपुरावा केला आहे. पण कारकुनाची सवय अशी की आधी कागद, मग अर्ज. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना गाठले. त्यांनी केसपेपरच्या पाठीवर चित्र काढून सगळे समजावले. ते इथे लिहितो, कारण ही वेळ कुणाच्याही घरावर येऊ शकते.

हवेने फुगवलेल्या आतड्याची भिंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड असते. आत मऊ अस्तर, मध्ये सैलसर थर, मग स्नायू. पॉलिप अस्तरावर वाढतो. त्याच्या खाली सुईने निळा रंग मिसळलेले खारे पाणी सोडतात. अस्तर उशीसारखे वर उचलले जाते, आणि तारेच्या फासात धरून विजेच्या साह्याने कापतात. मात्र वाढ मोठी असली किंवा खाली व्रण धरलेला असला, तर उशी नीट फुगत नाही आणि स्नायूही फासात सापडतो. अशा वेळी कापलेल्या तुकड्याच्या खालच्या बाजूला निळ्यात पांढरे वर्तुळ दिसते, नेमबाजीच्या चांदमारीसारखे. ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी २०११ साली या खुणेचे वर्णन प्रसिद्ध केले. दादाच्या तुकड्यावर तेच वर्तुळ दिसले, म्हणून मॅडमनी लगेच जागा निरखून पाहिली. छिद्र सात-आठ मिलिमीटरचे होते.

दुर्बिणीच्या नळीतूनच बारीक धातूची क्लिप आत सरकवतात. तिचा जबडा उघडून छिद्राच्या दोन्ही कडा धरायच्या आणि मिटायचा. मग शेजारी दुसरी, तिसरी. आमच्या आईने गोधडीला टाके घालावे तसे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दादाला पाच लागल्या. छिद्र याहून मोठे असेल, तर दुर्बिणीच्या तोंडावर टोपीसारखी बसवून नेण्याची, अस्वलाच्या पंजासारखी मोठी क्लिप असते. ती जर्मनीत तयार झाली. लहान क्लिपा जखम भरल्यावर सुटून शौचावाटे निघून जातात. त्या निघेपर्यंत एम.आर.आय. करायची वेळ आली, तर आधी सांगावे लागते.

ही विद्या फार जुनी नाही. दुर्बिणीतून तारेच्या फासाने आतड्यातला पॉलिप काढण्याची सुरुवात १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या या मूळ जपानी डॉक्टरांनी केली. क्लिपा जपानमध्ये १९७५ साली आल्या, त्या रक्तस्राव थांबवण्यासाठी. पोटातले (म्हणजे जठरातले) छिद्र क्लिपांनी बुजवल्याची नोंद १९९३ ची, आणि मोठ्या आतड्यातली, जपानमधलीच, १९९७ ची. त्याआधी असे छिद्र म्हणजे पोट उघडणे, आणि कित्येकांना काही महिने पोटावर शौचाची पिशवी.

मग मी पुतण्याला सांगितले, बाबा, छिद्र पडले एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. सही केलेल्या संमतीपत्रात तो धोका लिहिलेला आहे. विचारायचे ते हे, की छिद्र त्याच वेळी दिसले का? लगेच बंद केले का? आपल्याला सांगितले का? आतडे साफ असताना लगेच बंद झाले, तर घाण पोटात फारशी पसरत नाही. तेच उशिरा कळले, तर पोटात पू होतो आणि जिवावर बेतते. आणि लपवले असते, तर पहिला अर्ज मीच लिहिला असता. इथे सर्व नोंदी वेळेसह होत्या, शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनाही बोलावून ठेवले होते. सलाईन, प्रतिजैविके, दर चार तासांनी नाडी-ताप. तिसऱ्या दिवशी दादाने पाणी मागितले, पाचव्या दिवशी पेज.

पण घरी गेल्यावर पोट वाढत्या कळांनी दुखणे, ताप, पोट दगडासारखे होणे, यांतले काहीही झाले तर गोळी घेऊन झोपू नये. रात्र असली तरी इस्पितळ गाठावे. भाजलेली जागा दोन-चार दिवसांनीही फुटू शकते.

राहिला बिलाचा प्रश्न. पाच क्लिपांचे वेगळे पैसे लावले होते. "छिद्र त्यांनी पाडायचं आणि बुजवायचे पैसे आपण द्यायचे?" पुतण्याचा हा सवाल मला आजही बिनतोड वाटतो. मॅडमकडे त्याचे उत्तर नव्हते, तो त्यांच्या हातातला विषय नव्हता. पण इस्पितळ धर्मादाय होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा इस्पितळांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. फलक असतो, पण तो जिन्याखाली! तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन मी वैद्यकीय समाजसेवकांच्या टेबलाशी दोन दिवस बसलो. अर्ज लिहिला, तो हा. निम्म्याहून अधिक बिल कमी झाले.

तुकड्याचा अहवाल दहा दिवसांनी आला. पेशी बऱ्याच बिघडलेल्या होत्या, पण कर्करोग झालेला नव्हता. सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालायची आहे. दादा आतापासूनच कुरकुरतो की ते पाणी पुन्हा प्यायचे नाही. वहिनींनी तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.