कडा दाराशी, भिंत छपराखाली

मैत्रिणींनो, इंग्लंडातलं शेफील्ड म्हटलं की आठवतात सुऱ्या नि काटे-चमचे. पण गावाबाहेर थोडं गेलं की स्टॅनेजचा कडा लागतो, चांगला पाच-सहा किलोमीटर लांब. दगड खरखरीत, पूर्वी त्यातून जात्यांचे मोठाले दगड घडवत. त्यातले कित्येक अजून पायथ्याशी गवतात पडलेले आहेत. आपल्या आजीचं जातं त्यांच्यापुढे खेळण्यातलं!

असा कडा जवळ असताना १९९१ साली गावात ‘फाउंड्री’ ही छपराखालची चढाईची भिंत उघडली. तुम्ही म्हणाल, कशाला बाई? अहो, तिथला पाऊस! ओल्या दगडावर पाय ठरत नाही, आणि डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार. नोकरी नि शाळकरी मुलं सांभाळणारीने कड्यावर जायचं कधी? इथे दिव्याच्या उजेडात तासभर चढून ती स्वयंपाकाच्या वेळेला घरी.

मात्र आतल्या पकडी रंगीत नि पक्क्या बसवलेल्या, दोरही बहुधा वरून सोडलेला. स्टॅनेजवर दगडात खिळे ठोकायची रीतच नाही. फटीत धातूची पाचर आपण बसवायची, तिच्यात दोर अडकवायचा. मागून येणारा ती काढून घेतो. हे काही भिंत शिकवत नाही. म्हणून भिंतीवर तरबेज झालेलीही तिथे पहिल्यांदा जाणत्याच्या मागूनच चढते.