फॉरमॅट मारायच्या आधी

आयटीत नोकरी म्हटलं की घरच्यांच्या दृष्टीने तुम्हाला प्रिंटरपासून सेटटॉप बॉक्सपर्यंत सगळं दुरुस्त करता आलंच पाहिजे. मी दिवसभर जावा लिहितो, स्क्रूड्रायव्हर शेवटचा कॉलेजात धरला होता, हे सांगून काही उपयोग नसतो. तर मंडळी, मागच्या लाँग वीकेंडला कोल्हापूरला गेलो आणि ड्यूटी लागली मामाच्या वर्कशॉपवर. शिवाजी उद्यमनगरात त्याचं लेथचं छोटं काम आहे. तिथला डेस्कटॉप महिनाभर मधेच 'गचकत' होता. (शब्द मामाचा!)

दोन कॉम्प्युटरवाले येऊन गेले होते. दोघांचं औषध एकच: "फॉरमॅट मारूया." मामा बधला नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ओळखीच्यांच्या चोपड्यांचा झालेला लगदा बघून त्याने स्वतःची सगळी उधारी, बिलं, जॉबची ड्रॉइंग्ज कॉम्प्युटरवर चढवली होती आणि जुन्या वह्या रद्दीत घातल्या होत्या. दुसरी कॉपी? कुठेच नाही! म्हणजे फॉरमॅट मारला असता, तर जे पुराने नेलं नाही ते एका क्लिकने गेलं असतं.

म्हणून पहिलं काम कॉपीचं. एक्स्टर्नल डिस्क लावली. मधे दोनदा गचकला, पण संध्याकाळपर्यंत सगळं बाहेर आलं. मग जरा जीव भांड्यात पडला.

आता निदान. पीसी अडकला की कॅप्स लॉक दाबून बघायचं. कीबोर्डवरचा दिवा लागला-विझला, तर ऑपरेटिंग सिस्टीम जिवंत आहे, एखादा प्रोग्रॅम किंवा डिस्क अडलीय. दिवाही ढिम्म असेल तर दुखणं खोल आहे, बहुतेक वेळा ड्रायव्हर नाहीतर हार्डवेअर. आमचा दिवा ढिम्म होता.

एका वेळी एकच संशयित घेतला. पंख्यावर तेलकट धुळीचा थर होता, तो काढला. पण प्रोसेसर तापला तर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि अगदीच अति झालं तर मशीन बंद करतो, असा पुतळा सहसा होत नाही. रॅमसाठी रात्रभर मेमटेस्ट चालवली, एकही एरर नाही. हार्ड डिस्कची स्मार्ट रीडिंग्जही स्वच्छ.

मामा हे सगळं शांतपणे बघत होता. आयुष्य ऑइल इंजिनांच्या पार्ट्सवर गेलेलं. म्हणाला, "काय झालंय ते नंतर बघ लेका. कधी हुतंय ते बघ की आधी." आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे खडूने वेळा लिहिलेल्या! पीसी गचकला की हा पठ्ठ्या वेळ टिपत होता. सगळ्या नोंदी कामाच्या वेळेतल्या, जेवणाच्या सुट्टीतली एकही नाही. शेजारी वेल्डिंगचं काम चालतं. दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवलं. वेल्डिंग सुरू, बल्ब मंद, पीसी गप्प. नाद खुळा!

कारण साधं आहे. वीज क्षणभर खाली गेली तर एसएमपीएसमधले कपॅसिटर साठवलेल्या विजेवर साधारण १६ मिलिसेकंद निभावून नेतात. पण हे कपॅसिटर हळूहळू सुकतात. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. मामाचा एसएमपीएस म्हातारा झालेला, यूपीएसची बॅटरी मेलेली म्हणून पीसी थेट बोर्डाला. नवा एसएमपीएस आणि नवी बॅटरी टाकली, आणि वेल्डिंग चालू असताना मशीन दिवसभर चाललं. (जुना एसएमपीएस घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.)

पीसी जुना आहे, विंडोज ११ त्यावर चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून हिशोबाच्या या मशीनचं इंटरनेट काढून टाकलं. आता दर शनिवारी कॉपी होते आणि ती डिस्क मामीच्या कपाटात जाते, वर्कशॉपपासून लांब.

तुमच्याही घरी किंवा दुकानात असा एक पीसी असेलच. पुढच्या सुट्टीत गेलात की आधी कॉपी कुठाय ते विचारा. आणि तो अडकत असेल, तर भिंतीवर खडूने वेळा लिहायला सांगा. :)