बिजासन घाटाच्या अलीकडे

इंदूरहून नाशिकला यायचं असेल तर तुम्ही काय कराल? रात्रीची स्लीपर बस पकडाल, पडदा ओढाल आणि सकाळी डोळे चोळत नाशिकला उतराल. मीही आजवर तेच केलं. या मार्चमध्ये मात्र मी मावशीकडे रंगपंचमीची गेर बघायला गेले होते आणि नेमकी तेव्हाच मामांची गाडी बटाटा भरायला इंदूरला आली. मामांची गाडी म्हणजे बारा चाकांचा ट्रक. "चल माझ्याबरोबर. पडद्याआड झोपून रस्ता कळतो होय?" मामा म्हणाले. मी बॅग केबिनमध्ये टाकली.

हा जुना मुंबई-आग्रा रस्ता. इंदूर ते धुळे या टप्प्याला आता राष्ट्रीय महामार्ग ५२ म्हणतात, पण मामांच्या तोंडी अजून 'आग्रा रोड'च आहे. मानपूरनंतर माळव्याचं पठार संपतं, रस्ता घाट उतरून निमाडात येतो. धामनोदला एक फाटा महेश्वरकडे, अहिल्याबाईंच्या राजधानीकडे जातो. खलघाटला नर्मदेचा पूल लागला तेव्हा मामांनी गाडी न थांबवताच एक हात कपाळाला लावला. केबिन एवढी उंच असते की कारमधून कठड्याआड लपणारं नदीचं पात्र इथून पुरतं दिसतं. बसच्या पडद्याआड मी इतकी वर्षं काय घालवलं, ते तेव्हा कळलं.

जुलवानिया मागे पडलं, सातपुड्याचा चढ लागला. सेंधवा जवळ आलं होतं. आणि अचानक इंजिनातून आवाज सुरू झाला. टक्, टक्, टक्. कुणीतरी आत बसून हातोडी मारावी तसा.

मामांनी आधी गाणं बंद केलं. मग ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि नजर काट्यांवर नेली. ऑइलचं प्रेशर जागेवर होतं, तापमानही जागेवर होतं. मग त्यांनी गाडी हळूहळू कडेला घेतली, इंडिकेटर चालू ठेवले, मागे लाल त्रिकोण ठेवला, चाकांना दगड लावले आणि इंजिन बंद केलं.

"प्रेशरचा काटा पडला असता तर मी एवढंही चालवलं नसतं," ते म्हणाले. खालून जड ठोका येतोय आणि ऑइलचं प्रेशरही पडलंय, याचा अर्थ बहुतेक क्रँकचं किंवा कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलंय. अशा वेळी आणखी मिनिटभर चालवलं तरी रॉड तुटून ब्लॉक फोडू शकतो. मग दुरुस्ती राहत नाही, नवीन इंजिनच घ्यावं लागतं.

थोडं थांबून त्यांनी ऑइलची पट्टी काढली. पातळी बरोबर होती. ऑइल बोटांत चोळून उन्हात धरलं, चमकणारा धातूचा कण नाही. वास घेतला, डिझेलचा वास नाही. रंग दुधाळ नाही, म्हणजे पाणीही मिसळलेलं नाही. म्हणजे आजार काय नाही, ते कळलं. काय आहे, ते कळलं नव्हतं.

तेवढ्यात नाशिकच्या व्यापाऱ्याचा फोन. सकाळच्या बाजाराला माल हवाच, उशीर झाला तर भाडं कापणार. मामांच्या कपाळावर आठी आली. गाडीचा हप्ता दहा तारखेला असतो, आणि इंजिन खोलायचं म्हटलं तर लाखांची गोष्ट. धुळ्यात त्यांचा ओळखीचा मिस्तरी होता. मध्ये फक्त सेंधवा आणि बिजासन घाट.

मी आपलं शहाणपण पाजळलं. "मामा, इंजिन चालतंय ना? मग हळूहळू जाऊ. पुढे घाट उतारच आहे, जोर कुठे लागणार?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, उताराचीच तर भीती आहे."

तुम्हाला वाटेल, उतारावर इंजिनचं काय काम? पण भरलेला ट्रक घाटात नुसत्या ब्रेकवर उतरत नाही. खालचा गिअर टाकून इंजिनच त्याला मागे खेचून धरतं. इंजिन बंद पडलं तर ती पकड जाते, स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला हवा पुरवणारा कंप्रेसरही थांबतो. बिजासन घाटात ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्यातल्या बहुतेक आमच्याच दिशेने, सेंधव्याकडून खाली महाराष्ट्रात उतरणाऱ्या.

मामांनी व्यापाऱ्याला सांगितलं, "उद्या येतो." आणि फोन ठेवला.

सेंधव्याहून मोटारसायकलवर एक उस्ताद आले. पिशवीत पाने आणि हातभर लांबीचा पेचकस. आल्या आल्या त्यांनी बोनेटला हात लावला नाही. आधी प्रश्न विचारले. आवाज चढावर सुरू झाला की सपाटीवर? हळूहळू वाढला की एकदम? डिझेल कुठे भरलं? इंजिन थंड असताना येत होता का? मी कंटेंट लिहिते, लोकांच्या मुलाखती घेते, पण इतके नेमके प्रश्न मला कधी सुचले नाहीत.

मग इंजिन सुरू करून त्यांनी पेचकसाची मूठ कानाला लावली आणि टोक एकेका जागी टेकवत गेले. वर टॅपेटच्या झाकणावर, मग ब्लॉकच्या बाजूला, खाली ऑइलच्या टाकीवर. डॉक्टर स्टेथोस्कोप फिरवतात तसं. मामांनी विचारलं, इंजेक्टर असेल का? उस्ताद म्हणाले, जुन्या इंजिनात एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करून बघता यायचं. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर आवाज बंद, तिथला इंजेक्टर खराब. पण ही गाडी कॉमन रेलची. तिच्या पाइपात डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो, बारीक धार कातडी भेदून आत शिरते. इथे नटाला हात लावायचा नाही, ते काम स्कॅनर लावूनच करायचं.

पेचकस शेवटी इंजिनच्या कडेला बसवलेल्या हवेच्या कंप्रेसरवर टेकला, आणि ते थांबले. "हवा निकालो."

मामांनी टाकीतली हवा सोडून दिली आणि इंजिन पुन्हा सुरू केलं. टक्, टक्, टक्. हवेचा काटा चढू लागला, ठोका तसाच. काटा ८ बारच्या पुढे गेला, ड्रायरमधून 'फुस्स' झालं आणि ठोका एकदम पातळ पडला. मामांनी ब्रेक पाच-सहा वेळा दाबला. हवा उतरली, कंप्रेसर पुन्हा कामाला लागला, ठोका परत आला.

उस्ताद हसले. "इंजन नहीं बोल रहा. कंप्रेसर बोल रहा है."

कंप्रेसर इंजिनच्याच गिअरवर फिरतो आणि इंजिनचंच ऑइल पितो, म्हणून त्याचा ठोका इंजिनचा वाटतो. भरीचं काम असताना तो वाजत होता, भार उतरला की शांत होत होता. मामांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. मग त्यांचा चेहरा उतरला. कारण त्याच कंप्रेसरच्या जिवावर आम्ही घाट उतरणार होतो. तो वाटेत तुटला असता, तर वळणावळणावर ब्रेक दाबून हवा संपत गेली असती. हवा कमी झाली की ब्रेक आधी ढिले पडतात, आणि फारच कमी झाली की मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळतात. घाटाच्या वळणावर दोन्ही वाईटच. शिवाय तुटलेला तुकडा गिअरमध्ये गेला असता तर इंजिनही गेलं असतं.

रात्र आम्ही ढाब्यावर काढली, दाल-बाटी खाऊन, खाटेवर. सकाळी इंदूरच्या बसने नवा कंप्रेसर आला. जुना खोलला तेव्हा त्याच्या रॉडचं बेअरिंग झिजून सैल झालेलं दिसलं. उस्तादांनी ऑइलची नळी साफ केली, ऑइल आणि फिल्टर बदलला, हवा भरून पुन्हा पेचकस कानाला लावला. आता इंजिनची नुसती एकसारखी घरघर होती.

व्यापाऱ्याने भाडं कापलंच. हा महिना मामांना ओढाताणीचा जाणार आहे. म्हणून तुम्हाला सांगते, तुमच्या घरात ट्रक असो, टेम्पो असो की साधी कार, नवा आवाज आला तर तो किती मोठा आहे यापेक्षा कशाने बदलतो ते बघा. आधी ऑइलचा काटा, मग गाडी कडेला, मग आठवून ठेवा: चढावर होता का, थंड असताना होता का, कशाने थांबला. मिस्तरीला तेच हवं असतं.

दुपारी बिजासन मातेच्या देवळापाशी मामांनी गाडी थांबवली, हात जोडले. मग हवेचा काटा पाहिला, खालचा गिअर टाकला. गाणं लावायला मी हात पुढे केला, तसे ते म्हणाले, "घाट उतरू दे आधी. ऐकू दे जरा."

पळासनेर येईपर्यंत आम्ही दोघं नुसतं इंजिन ऐकत होतो.