माकुलाचं माहेर

छत्रपती संभाजीनगर,
जूनचा दुसरा आठवडा

अगं,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. तिकडे कॅनडात, ग्वेल्फमध्ये, अजून सकाळी स्वेटर लागतो म्हणे! इथं मृगाने एक शिडकावा दिला, अंगणातला धुरळा तेवढा बसवला आणि गडप झाला. कडुनिंबाखाली बसून लिहितेय. शेजारी तुझं पत्र आहे, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर माठाचं झाकण ठेवलंय. अक्षर तसंच आहे गं तुझं, मुंग्यांची रांग साखरेकडे निघाल्यासारखं. तिसऱ्या पानावरची एक ओळ अजून लागलेली नाही, फोन केलास की वाचून दाखव.

सगळ्यात आधी तुला खोक्याची गोष्ट सांगते. माझी भाची आठवते ना, तुझ्या लग्नात तुझ्याच शालूवर झोपून गेली होती ती? आता इथल्या विद्यापीठात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतेय. मेच्या शेवटी ती रत्नागिरीला गेली, तुझ्या मिरकरवाड्याला. पुण्यात गाडी बदलून परत आली ती मांडीवर थर्माकोलचं खोकं घेऊन. मे महिना, रत्नागिरी आणि खोकं! कंडक्टरने विचारलं, "हापूस का?" रिक्षावाल्याने विचारलं, "पेटी कितीला पडली?" समोरच्या काकू तर पातेलं घेऊनच आल्या. पोरीने झाकण उघडलं. आत बर्फाच्या पिशव्या, आणि त्यांत करंगळीएवढ्या कुप्याच कुप्या, प्रत्येकीत अल्कोहोलमध्ये बुडालेला माकुलाचा, इंग्रजीतल्या स्क्विडचा, नखभर तुकडा. काकूंनी वाकून पाहिलं, वास घेतला आणि हळूच पातेलं पदराआड केलं. तू इथं असतीस तर जमिनीवर लोळली असतीस.

मला आपली हॉस्टेलची खोली आठवली. तू सुट्टीवरून येताना बर्फात घालून माकुल आणलंस आणि आम्हा मराठवाड्याच्या पोरींना ते कसं साफ करायचं ते शिकवलंस. डोकं धरून अलगद ओढायचं, शाईची पिशवी फुटू द्यायची नाही, मग पाठीतली ती पारदर्शक काडी उपसायची. आपल्या लातूरवालीने काडी उजेडात धरली आणि घाबरून म्हणाली, "बाई गं, याने प्लॅस्टिक खाल्लंय!" पिशवी फोडू नका म्हणून दरडावलंस, नि तूच शाई अॅप्रनवर उडवलीस आणि तोच अॅप्रन घालून दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला गेलीस. ती काडी म्हणजे त्याच्या पूर्वजांच्या शिंपल्याची उरलेली खूण, हे आपल्याला नंतर कळलं. कांदा-खोबऱ्याच्या वाटणातलं ते माकुल मात्र तेव्हाच कळलं होतं. पाच मिनिटं जास्त शिजलं की रबर, असं तू पळी उगारून सांगायचीस.

आता गंमत बघ. बाजारात नळीसारखं असतं ते माकुल, आणि पाठीत पांढरी ढाल असते तेही माकुलच. ती ढाल म्हणजे आपला समुद्रफेस, पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवायचा तो. भाचीचं आहे ते नळीसारखं, आपल्या दोन्ही किनाऱ्यांवर सापडणारं. त्याचं शास्त्रीय नाव उरोट्यूथिस डुव्हॉसेली. आल्फ्रेड डुव्हॉसेल नावाचा एक फ्रेंच निसर्ग-अभ्यासक 1818 मध्ये भारतात आला, इथले प्राणी गोळा करून पॅरिसला पाठवत राहिला आणि 1824 मध्ये तिशी उलटते न उलटते तोच मद्रासला वारला. त्याचं नाव ज्यांना मिळालं त्यांत दोघं आपल्या ओळखीचे, एक कान्हाच्या रानातला बारशिंगा आणि दुसरं तुझ्या वाटणातलं माकुल. घरापासून इतक्या लांब मेलेल्या त्या मुलाचं मला फार वाईट वाटलं. परदेशी राहणाऱ्यांविषयी मी जरा हळवीच आहे, तुला माहीत आहे.

तर पोरीचा प्रश्न असा, की रत्नागिरीचं, कोचीचं आणि विशाखापट्टणमचं माकुल एकाच घरचं का? समुद्राला भिंती नाहीत, कुंपण नाही. पाणी एक, खाणं एक, म्हणजे रोटीव्यवहार आहे. पण बेटीव्यवहार आहे का? शंका यायला कारणही आहे. माकुलाची मादी अंडी पाण्यावर सोडून देत नाही. जेलीच्या पांढऱ्या, बोटांसारख्या शेंगांत घालून ती तळाशी चिकटवते. प्रवाहाबरोबर शेकडो मैल वाहत जायचं भाग्य त्या अंड्यांना नाही. आणि आयुष्य किती? साधारण वर्षभराचं. तेवढ्यात एखादं माकुल किती लांब जाईल आणि सोयरीक कुठे जुळवेल!

हे कळायचं कसं, तर त्या नखभर तुकड्यातून डीएनए काढायचा. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. मुलालाही मिळतो, पण पुढे चालवते ती लेकच. म्हणजे प्रत्येक माकुलाच्या अंगात त्याच्या आईच्या आईच्या आईचं माहेर लिहिलेलं असतं. भाची हे सांगत होती तेव्हा मी भाकरी थापत होते, ती तव्यावर करपली. त्याच डीएनएतला साडेसहाशे अक्षरांच्या आसपासचा एक तुकडा वाचून प्राण्याची जात ओळखायची, ही बारकोडिंगची कल्पना 2003 मध्ये कुणी मांडली माहीत आहे? तुझ्याच गावच्या विद्यापीठातल्या पॉल हेबर्ट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी! आणि त्यांच्या नावाचं डीएनए बारकोडिंग आणि जैवविविधता अभ्यासाचं केंद्र कुठे आहे? आमच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात. सोनेरी महालाच्या वाटेवर आपण शेंगा खात हिंडायचो, त्याच आवारात. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, तरी माशांची कुळं वाचणारी माणसं या कोरड्या गावात आहेत, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तू मात्र इतकी वर्षं ग्वेल्फमध्ये राहून मला फक्त तिथल्या सफरचंदांविषयी लिहितेस.

जात ओळखणं वेगळं आणि एकाच जातीतली घरं वेगळी करणं वेगळं, हे मला दोन रात्रींनंतर समजलं. त्यासाठी एकेका बंदरावरची पुष्कळ माकुलं घ्यावी लागतात, आणि आईकडचा एवढाच धागा पुरत नाही. आईबाप दोघांकडून येणाऱ्या डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची लांबीही मोजतात. युरोपात लोलिगो फोर्बसी नावाच्या माकुलावर असं काम झालं, 1999 मध्ये ते छापून आलं. किनाऱ्यालगतची माकुलं जवळजवळ एकाच घरची निघाली, पण अझोर्स बेटांभोवतीची पार वेगळी. मधे हजारो मीटर खोल दर्या. उथळ पाण्यात वाढणाऱ्याला तो सह्याद्रीच्या कड्यासारखाच. उलट ते खोल समुद्रातलं अजस्र माकुल, ज्याच्या गोष्टी ऐकून तू पांघरुणात शिरायचीस, त्याचे जगभरातले 43 नमुने तपासले, तर सगळे एकाच जातीचे आणि एकमेकांशी चकित व्हावं इतके सारखे. हे 2013 चं. आणि समुद्रफेसवाल्यांतला सेपिया फॅराओनिस? तांबड्या समुद्रापासून जपानपर्यंत एकाच नावाने विकला जाणारा. त्यात निदान पाच वेगळी कुळं निघाली. एका नावाखाली पाच घरांचा माल!

पण तुला पत्र लिहायला बसले ते याच्याही पुढच्या गोष्टीसाठी. सीवॉल राइट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1931 मध्ये एक गणित मांडलं. त्यातून असं निघतं, की दोन घोळक्यांत एका पिढीमागे एखादाच पाहुणा जरी जा-ये करत राहिला, तरी ते डीएनएच्या दृष्टीने फारसे दुरावत नाहीत. एकच पाहुणा गं! म्हणजे उद्या तपासणीत रत्नागिरीचं आणि कोचीचं माकुल सारखं निघालं, तरी इथलं संपलं तर तिथलं येऊन भर घालील असा त्याचा अर्थ होत नाही. एका पाहुण्याने नातं टिकतं, रिकामं झालेलं बंदर भरत नाही. आणि माकुलाचं आयुष्य वर्षाचं, एखादं साल वाईट गेलं तर मागे सावरायला वडीलधारी पिढीच नसते. मी हे ऐकलं आणि उठून अंगणात गेले. तू वर्षाकाठी पाठवतेस ते एक पत्र आठवलं. त्याने आपण एकमेकींना परक्या झालो नाही हे खरं. पण तुझी खुर्ची रिकामीच आहे.

तू सांगायचीस, तुझ्या आजोबांच्या काळी जाळ्यात आलेलं माकुल फेकून द्यायचे, नाहीतर गळाला लावायचे. मग गोठवून परदेशी पाठवायला लागले आणि ट्रॉलरवाल्यांना त्याचा भाव कळला. आता लिलावात त्यासाठी चढाओढ. त्यात माझं म्हणणं एवढंच, की सगळा दर्या एकच खजिना समजून उपसू नये. कोणतं बंदर कोणत्या घरातून घेतं ते आधी वाचावं, मग किती घ्यायचं ते ठरवावं. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै ही 61 दिवसांची बंदी आहे, आणि 2023 मध्ये महाराष्ट्राने 54 जातींसाठी ठरावीक मापापेक्षा लहान मासळी पकडू नये असा नियम केला. हे मला चांगलं वाटतं. पण बंदीची तारीख दिनदर्शिकेवरून कळते, माकुलाचं घर कळायला भाचीसारख्या पोरींना अजून पुष्कळ खोकी आणावी लागतील, पूर्वेच्या किनाऱ्यावरूनसुद्धा. तुझे भाऊ अजून होडी बाळगून आहेत ना? त्यांना लिही, की पोर पुन्हा येईल तेव्हा प्रत्येक खेपेतली चार-दोन माकुलं तिच्यासाठी बाजूला ठेवा, आणि कोणत्या पाण्यात मिळाली ते सांगा. तिला पैसे फार देता येणार नाहीत, पण ती सगळं टिपून घेते.

आणि तू ये. या वर्षी ये. 1 ऑगस्टला होड्या सुटतील, नारळी पौर्णिमेला तू माहेरी असशील, मग रात्रीच्या गाडीने इकडे निघ. खोक्यात बर्फ जास्त घाल. काकूंना मी सांगून ठेवते, या खेपेला पातेलं घेऊन या म्हणून.

तुझीच,
मी