लांडोर बंगला खाली आणू नका

31 जुलैला लळिंगला भीमस्मृती यात्रा भरते. धुळे, जळगावकडची माणसं मुंबई-आग्रा रस्ता सोडून भर पावसात कुरणातून लांडोर बंगल्यापर्यंत जातात. आम्हीही लहानपणापासून जातो.

यंदा परतताना आमच्यातच वाद झाला. एका कार्यकर्त्याचं म्हणणं, म्हाताऱ्यांना चढ झेपत नाही. दगडांना क्रमांक टाकून बंगला उतरवावा आणि शहराजवळ पुन्हा उभा करावा. हे अशक्य नाही. नागार्जुनकोंड्याचे बौद्ध अवशेष असेच हलवून उंचावर मांडले आहेत. पण तिथं नागार्जुनसागर धरणाचं पाणी चढत होतं. लळिंगला कुठलं पाणी चढतंय?

बाबासाहेब 31 जुलै 1937 ला धुळ्याला आले ते कोर्टाच्या कामासाठी. त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार मुंबई विधिमंडळात निवडून आले होते. पुढच्याच सप्टेंबरात महार वतनाचं विधेयक त्यांनी मांडलं. त्या धावपळीतल्या वकिलानं पाठ टेकली, ती या डोंगरात. आम्ही मात्र भाषणात 'पदस्पर्शाने पावन' म्हणतो. हा शब्द आम्हाला खटकतो. पावन करायला ते देव नव्हते, आणि बंगल्याचं देऊळ झालं की वकील दिसेनासा होतो.

दुरुस्ती हवीच, पण जुनं ते जुनं ठेवून. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. वर ग्रॅनाइट, चकचकीत फरशी बसवली तर वास्तू उरत नाही, देखावा उरतो. दादरचं आंबेडकर भवन 25 जून 2016 च्या पहाटे पाडलं गेलं, तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. सुशोभीकरणाच्या नावाखाली एकेक खिडकी गेली तर कोण उतरणार? लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचं घर 2015 मध्ये सरकारनं विकत घेतलं, आणि त्याच जागी ते संग्रहालय राहावं म्हणून पुढं 2020 पर्यंत झगडावं लागलं. ते घर दुसऱ्या गल्लीत हलवा, असं कुणी म्हटलं असतं तर आपण ऐकून घेतलं असतं का?

राहिला चढाचा प्रश्न. बंगला हलवण्यापेक्षा चार जीपगाड्या ठरवणं स्वस्त पडेल. आमच्या वस्तीतल्या आजींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, गाडी बाकीच्यांना द्या, मी काठी घेऊन चढेन.