शहापूरची गुळवेल

ओली गुळवेल आपण अनंतकायात मोजतो, म्हणून आमच्या घरी काढ्याला वाळलेलीच येते. कोरोनात तिचा खप केवढा वाढला, आठवतं ना?

शहापूरच्या दहा-बारा कातकरी तरुणांनी रानातली गुळवेल विकायला घेतली होती. कातकऱ्यांची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन वीटभट्टीवर जातात. मुलांची शाळा तिथेच सुटते, मग आयटीआय कुठलं? रान मात्र या पोरांना पाठ. अडत होतं भांडवलाशी. वेल आणून देणाऱ्याला पैसे त्याच दिवशी लागतात, कंपनीचे येतात माल पोचल्यावर, सवडीने. सरकारच्या वन धन योजनेतून खेळतं भांडवल मिळालं आणि 2021 पर्यंत औषध कंपन्यांकडून सुमारे दीड कोटींची मागणी आली.

मुरबाडकडच्या कातकरी वाड्यांवर आमचं महिला मंडळ दर थंडीत ब्लँकेटं वाटतं. यंदा मी म्हटलं, त्याऐवजी तिथल्या तरुणांना माल खरेदीला बिनव्याजी रक्कम देऊ.

"परत आली नाही तर?" एका काकूंनी विचारलं.

"काकू, ब्लँकेटं कुठे परत येतात?"

त्या हसल्या. रक्कम किती, ते अजून ठरायचंय.