प्रमाण आणि माप

मराठी शिकवणाऱ्या नवराबायकोने चाळिशी उलटल्यावर गोल्फ खेळू लागावे, हा आमच्या स्टाफरूममध्ये अजूनही विनोदाचा विषय आहे. गावाला लागून लष्कराचे मैदान आहे, तिथे मुलकी माणसांनाही सभासदत्व मिळते आणि डॉक्टरांनी दोघांनाही रोज चालायला सांगितले होते, एवढेच त्याचे स्पष्टीकरण. ते कोणाला पटत नाही. असो. या खेळात शिरलेल्या प्रत्येकाला वर्षा-दोन वर्षांत एक प्रश्न गाठतो: दुकानात तयार मिळणारा संच वापरावा, की स्वतःच्या शरीराचे आणि फटक्याचे माप देऊन तो जुळवून घ्यावा? या मापजोखीला 'फिटिंग' म्हणतात. ती खर्चाच्या मोलाची आहे का, यावर आम्हा दोघांत बरेच दिवस वाद चालला. त्या वादात गोल्फपलीकडचेही काही सापडले, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. चेंडू मारण्याच्या काठीला क्लब म्हणतात आणि नियमाप्रमाणे एका खेळाडूला 14 क्लब जवळ बाळगता येतात. क्लबचा दांडा किती लांब, किती लवचिक, त्याच्या टोकाचे पाते दांड्याशी किती अंशांचा कोन करते, मूठ किती जाड, या साऱ्या गोष्टी बदलता येतात. त्यांतला पात्याचा कोन सर्वांत फसवा. कोन शरीराला जुळला नाही तर पाते जमिनीवर सपाट टेकत नाही. त्याची टाच आधी घासली, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जाऊ लागतो. पुढचे टोक आधी रुतले तर उजवीकडे. फटका निर्दोष असला तरीही हे घडते. मापे घेणारा उभ्या माणसाच्या मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजतो, पात्याच्या तळाला चिकटपट्टी लावतो आणि प्लास्टिकच्या फळीवरून चेंडू मारायला सांगतो. पट्टीवर ओरखडा कुठे उमटला ते पाहून पाते यंत्रात धरून अंश-दोन अंश वाकवले जाते. शिंप्याकडे बाही आखूड करून घ्यावी, तसाच हा व्यवहार.

ही अलीकडच्या श्रीमंतांची हौस आहे, असा समज सार्वत्रिक आहे. इतिहास मात्र उलटा आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजसारख्या गावांत एकोणिसाव्या शतकात क्लब हाताने घडवले जात आणि कारागीर गिऱ्हाइकाला पाहून लाकूड तासून देत असे. पुढे कारखाने आले. पोलादी दांड्यांना अमेरिकेत 1924 साली आणि ब्रिटनमध्ये 1929 साली मान्यता मिळाली, आणि एकाच मापाचे संच हजारोंनी निघणे सोपे झाले. 'प्रमाण माप' हे या घाऊक उत्पादनाचे अपत्य होय. जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता असलेल्या कार्स्टन सोल्हाइम यांनी 1959 साली घरच्या गॅरेजमध्ये पटर बनवायला सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या 'पिंग' कंपनीने 1970च्या दशकात उंची आणि मनगटाचे अंतर यांवरून पात्याचा कोन ठरवणारा रंगसंकेत आणला. क्लबवरचा लहानसा रंगीत ठिपका पाहून तो कोणत्या शरीरासाठी आहे हे कळू लागले. जुन्या कारागिराच्या नजरेचे काम आता तक्ता करू लागला, इतकेच.

आता आमच्या वादाकडे येतो. आमच्यापैकी एकाची उंची पाच फूट नऊ इंच आणि दुसरीची पाच फूट. बदली होऊन गेलेल्या एका अधिकाऱ्याचे दोन जुने संच आम्हांला स्वस्तात मिळाले. दोन्ही पुरुषांच्या प्रमाण मापाचे. एकाला तो संच जन्मापासून आपलाच असावा तसा हाती बसला. दुसरीचा चेंडू मात्र नेमाने डावीकडच्या बाभळींत जाई. शिकवणारे निवृत्त सुभेदार अत्यंत सज्जन गृहस्थ. ते म्हणत, "मॅडम, फार लांब उभ्या राहता, जवळ या." जवळ जावे तर मुठीचे टोक पोटाला टोचे. खाली धरावे तर मूठ तिथे निमुळती असल्यामुळे क्लब हातात फिरे. दीड वर्ष प्रत्येक उपाय शरीरावर झाला: खांदे सैल सोडा, मान खाली ठेवा, गुडघे वाकवा. काठी लांब आहे, असे कोणाच्याही मनात आले नाही. कारण काठी 'प्रमाण' होती.

शेवटी मुंबईत एका ठिकाणी मापे घेतली. दांडे सव्वा इंचाने कापले, पाती दोन अंशांनी वाकवली, मुठी बारीक बसवल्या. खर्च नव्या संचाच्या मानाने किरकोळ आला. फटक्याचे अंतर हातभरही वाढले नाही, हे नमूद केले पाहिजे. पण चेंडू सरळ जाऊ लागला, आणि न गेला तर दोष खरोखर आपला आहे हे कळू लागले. आमच्या मते फिटिंगची खरी किंमत या दुसऱ्या गोष्टीत आहे. खोटा दोष वजा झाल्याशिवाय खरा दोष दिसत नाही.

पाच फूट नऊ इंचांचा पक्षही दुर्बल नव्हता. त्याचे म्हणणे असे, की नवशिक्याचा फटका रोज बदलतो. त्याच दुकानात डॉप्लर रडारवर त्यानेही दहा चेंडू मारले होते. पहिले पाच आणि दमल्यानंतरचे पाच यांचे आकडे दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत इतके निराळे होते. मग कोणत्या माणसासाठी दांड्याची लवचिकता निवडायची? उद्या सुटणाऱ्या सवयीचे माप आज घेतले, तर व्यंगालाच अंगरखा शिवल्यासारखे होईल. सेव्हे बालेस्टेरोस लहानपणी स्पेनमधील पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर एकाच थ्री-आयर्नने सारे फटके शिकला आणि पुढे तीनदा ब्रिटिश ओपन जिंकला. त्याचे माप कोणी घेतले होते? हात तयार असला की काठी आपोआप वळते, असा या युक्तिवादाचा मथितार्थ.

यावर दुसऱ्या पक्षाने दोन उदाहरणे पुढे केली. ब्रायसन डिशँबो हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्याने आपले सारे आयर्न एकाच लांबीचे करवून घेतले, म्हणजे प्रत्येक क्लबला शरीराची ठेवण एकच राहील. आणि 2020 व 2024 साली यूएस ओपन जिंकली. दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे. चेंबूरच्या गोल्फ मैदानावर कॅडीचे काम करणाऱ्या वस्तीतल्या मुलांनी बांधकामाच्या सळया वाकवून क्लब बनवले आणि प्लास्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांत खेळ मांडला. आपल्या हाताने, आपल्या गल्लीसाठी वाकवलेल्या सळईला प्रमाण मापाची सक्ती नसते. गरिबीने त्यांना दिलेली ही सोय दुकानात पैसे मोजून घ्यावी लागते. बालेस्टेरोसची प्रतिभा सर्वांना वाटून आलेली नाही. ज्याच्याजवळ ती नाही त्याला निदान काठी तरी बेताची असावी.

वाद मिटला तो असा: जे शरीराचे आहे त्याचे माप पहिल्याच दिवशी घ्यावे. उंची, मनगट, पंजा चाळिशीनंतर बदलत नाहीत. लांबी, कोन आणि मूठ यांवर निश्चित होतात. जे सवयीचे आहे, म्हणजे दांड्याची लवचिकता, चेंडूची गिरकी, ड्रायव्हरचा उठाव, त्याचे माप फटका स्थिरावल्यावर घ्यावे. चेंडूच्या फिटिंगबद्दल मात्र दोघेही साशंक आहोत. वजन 45.93 ग्रॅमहून अधिक नाही आणि व्यास 42.67 मिलिमीटरहून कमी नाही, या चौकटीत प्रत्येक चेंडू बसतो. फरक आहे तो मुख्यतः आवरणाचा: युरेथेनचा चेंडू हिरवळीजवळच्या लहान फटक्यांवर अधिक गिरकी घेतो, कठीण आवरणाचा स्वस्त असतो आणि टिकतो. ज्यांचे फेरीत चार चेंडू झुडपांत हरवतात त्यांनी एकच जात धरून ठेवावी. कॅडी पोरांकडून वापरलेले घेतले तरी चालेल.

आता हे सारे आमच्या व्यवसायाला कुठे भिडते, ते चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. 'प्रमाण' या शब्दाखाली आम्ही रोज उभे असतो. प्रथम वर्षाच्या वर्गात सीमाभागातून, तांड्यांवरून, खानदेशातून मुले येतात. त्यांच्या तोंडची मराठी आणि पाठ्यपुस्तकातली मराठी यांत सव्वा इंचाचे अंतर असते. त्यांना सांगितले जाते: नीट बोला, स्पष्ट बोला, आत्मविश्वास ठेवा. सारे उपाय मुलावर. प्रमाणभाषा टाकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. खेळाला मैदान एक लागते, नियमही एक लागतात, आणि चेंडूच्या वजनाला मर्यादा असते ती योग्यच. परंतु फटका कोणत्या काठीने शिकवायचा, हा प्रश्न त्या नियमांच्या अलीकडचा आहे. पहिला निबंध मुलाने घरच्या बोलीत लिहिला, तर त्याला सांगण्यासारखे काही आहे की नाही हे समजते. नाहीतर व्याकरणाच्या चुका मोजण्यातच वर्ष संपते, आणि विचार चुकला की नुसती भाषा, याचा पत्ता शिक्षकाला लागत नाही आणि मुलाला तर नाहीच.

एक निरीक्षण आणखी. मापजोख ही चैन आहे, असे आमच्या घरात ज्याला प्रमाण माप आयते बसले होते त्यालाच वाटत होते. स्टाफरूममध्ये बोलीचा विषय निघतो तेव्हा हे आम्हांला हटकून आठवते.